गाळलेलं वाक्य

गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तू मला विचारलंस, "आजी, आजोबांना जाऊ द्यायचं हे ठरवलं कोणी?" तुमच्या कॉलेजात त्या आठवड्यात इच्छामरणावर चर्चा होती आणि तुझ्या गटाला विरोधाची बाजू मांडायची होती. तुझा धाकटा भाऊ मागे बसून टोस्ट खात होता. त्याचं चावणं थांबलं, ते मला पडद्यावर दिसलं. मी म्हटलं, लिहून पाठवते. फोनवर अशी गोष्ट माणूस सोपी करून सांगतो. मी ती एकदा सोपी करून मांडली होती, आणि सगळा घोळ त्यातूनच झाला. म्हणून हे दोघांसाठी, सावकाश वाचा.

तुम्ही आजोबांना पाहिलंत ते सुट्टीतले आठ-दहा दिवस. तुमच्या डोळ्यांपुढे ते बंगईवर झोके घेत हरभरा सोलणारे असतील. बोरी अरब गावच्या शिवारातली तूर आणि कापूस त्यांनी जन्मभर सांभाळला. राहायला आम्ही दारव्ह्याला, कारण माझी शाळा इथे होती. ते अकरावी झालेले, आणि मी नागपूरच्या मिशनच्या शाळेत शिकून इथे इंग्रजी शिकवायला लागलेली. घरात बोलणं वऱ्हाडीत आणि कागद इंग्रजीत, अशी वाटणी पहिल्यापासून पडली होती. बँक, विमा, तुमच्या बाबांच्या व्हिसाचे फॉर्म, सगळं माझ्या टेबलावर यायचं. प्रत्येक गोष्टीची फाइल, फाइलवर चिठ्ठी. आजोबा मला "मास्तरीण" म्हणत, आणि त्यात कौतुक किती, चेष्टा किती, हे विचारायच्या फंदात मी कधी पडले नाही.

त्यांचा एक चुलतभाऊ नागपूरच्या इस्पितळात पाच महिने पडून होता. नाकात नळी, घशाला भोक पाडून त्यातून श्वासाची दुसरी. त्याने नळ्या ओढू नयेत म्हणून त्याचे दोन्ही हात खाटेच्या दांड्यांना पट्टीने बांधलेले. आजोबा त्याला भेटून आले त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर बसून म्हणाले, "मास्तरीण, एक कागद लिव्हून घे."

तेव्हा अंगणात मिस्त्री आमची फवारणीची मोटर उघडून बसले होते. मिस्त्री म्हणजे आजोबांचे जुने दोस्त. बाजाराजवळ त्यांचं दुरुस्तीचं दुकान आहे, पण आमच्या घरची मोटर ते अंगणातच दुरुस्त करायचे, कारण मग चहा मिळायचा आणि गप्पाही व्हायच्या. आजोबांनी त्यांनाही जवळ बोलावलं. मग जे सांगायचं ते सांगितलं. मशीन नको, नाकात नळी नको, हात तर अजिबात बांधायचे नाहीत. आणखीही थोडं बोलले. ते कायद्याच्या कागदात बसण्यासारखं नव्हतं, म्हणून मी ते टिपलं नाही.

संध्याकाळपर्यंत मी दोन पानांचा मसुदा तयार केला, इंग्रजीत. मला वाटायचं की मरणासारखी गंभीर गोष्ट इंग्रजीत लिहिली म्हणजे डॉक्टर आणि वकील तिला मान देतील. त्यात कलमं होती, पोटकलमं होती. आजोबांच्या तोंडी मी असं वाक्य घातलं होतं की बरं होण्याची आशा नसेल तर कृत्रिम मार्गाने दिलेलं पोषण आणि पाणी मी नाकारतो. मी त्यांना मराठीत अर्थ सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लयच भारी झालं. हे मीच बोललो काय?"

आम्ही दोघंही हसलो. दोन दिवसांनी नोटरीपुढे त्यांनी सही केली. साक्षीदार म्हणून एक मिस्त्री, दुसरे शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर. सही करण्याआधी मिस्त्री जरा घुटमळले. मला म्हणाले, "भाभी, हे आमच्यात चालत नाही. जान आपली नसते, अल्लाची अमानत असते. मी माह्यासाठी असा कागद नाही करनार. पन भाऊ बोलले ते मी आयकलं, तेवढ्याची सही करतो." कागद फाइलीत गेला. फाइलवर मी चिठ्ठी चिकटवली आणि काम संपलं असं समजले.

दीड वर्षाने, कापूस वेचणी चालू असताना, त्यांना अर्धांगाचा झटका आला. त्यातून सावरताहेत असं वाटत असतानाच दुसरा आला. यवतमाळच्या इस्पितळात डॉक्टरांनी फोटो दाखवून समजावलं की मेंदूचा मोठा भाग गेला आहे. ओळख नाही, बोलणं नाही, आणि ते परत येणारही नाही. डोळे अर्धे उघडे असायचे. डावा हात मात्र चालायचा. अन्नासाठी नाकातून नळी घातली होती, आणि तो डावा हात ती नळी शोधत राहायचा. दोनदा त्यांनी ती उपसून काढली. दुसऱ्या वेळेनंतर मी चहा पिऊन वर आले तर नळी पुन्हा घातलेली आणि हात दांड्याला बांधलेला. मऊ पट्टी होती, गाठही सैल होती. नर्स चांगली मुलगी होती, तिचं काही चुकलं नव्हतं.

मी घरून फाइल मागवली.

डॉक्टरांनी दोन्ही पानं नीट वाचली. म्हणाले, कागद बरोबर आहे, पण माझ्या एकट्याच्या हातात हे नाही. कायद्याप्रमाणे आधी इथल्या डॉक्टरांचं एक मंडळ बसेल, मग बाहेरचा डॉक्टर घेऊन दुसरं. दोन्ही मंडळांचं मत जुळलं तर नळी काढायची आणि पुन्हा घालायची नाही. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, घरचे सगळे एकमताचे आहेत ना? मी हो म्हणणार होते. पण त्या क्षणापर्यंत मी कोणाला विचारलंच नव्हतं.

घरचे म्हणजे तुमचे बाबा आणि आत्याआजी. आत्याआजी आजोबांच्या थोरल्या बहीण. त्यांची आई लवकर गेली, तेव्हा दहा-अकरा वर्षांच्या आत्याआजींनी या भावाला कडेवर वाढवलं होतं. निरोप मिळताच त्या बोरी अरबहून जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून आल्या. ऐंशी ओलांडलेल्या बाईला मागे बसवायची ड्रायव्हरची हिंमत झाली नसावी. येताना पितळी डब्यात तुरीची डाळ घेऊन आल्या, घरच्या जात्यावर भरडलेली. भाऊ खाऊ शकत नाही हे त्यांना सांगितलं होतं. तरी आणली.

भावाजवळ बसून त्यांनी आधी त्याच्या हाताची पट्टी सोडली. नर्सने काही म्हणायच्या आत म्हणाल्या, "मी हाये इथं. मी धरतो हात." वऱ्हाडात जुन्या बायका स्वतःबद्दल असं पुरुषासारखं बोलतात, तुला ते लहानपणी फार गमतीचं वाटायचं.

दुपारी व्हरांड्यातल्या बाकावर मी त्यांना सगळं सांगितलं. फोनवर तुमचे बाबा होते. त्यांच्याकडे पहाट होती आणि ते गाडीत बसून बोलत होते, तुम्हाला जाग येऊ नये म्हणून.

आत्याआजींचं म्हणणं सरळ होतं. देह आपण घेतला नाही, तो टाकायचा अधिकारही आपला नाही. भोग असतील तेवढे भोगूनच जावं लागतं. अर्धे सोडले तर पुढच्या जन्मी पुरे करावे लागतात. मी त्यांना आमच्या गल्लीतल्या कापडवाल्यांच्या आईची आठवण करून दिली. ते लोक जैन आहेत. त्या आजींनी संथारा घेतला होता, म्हणजे अन्नपाणी सोडून शांतपणे देह ठेवला होता, आणि आत्याआजी स्वतः त्यांच्या पाया पडायला गेल्या होत्या. आपल्याकडेही जुन्या काळी प्रायोपवेशन होतंच, मी म्हटलं. ते पाप नव्हतं, मग हे कसं?

"तिनं सोतानं सोडलं," आत्याआजी म्हणाल्या. "महिनाभर सांगत होती सगळ्यायले. शेवटी साधू आले, भजन झालं. याचं तोंडच बंद हाये. हा सोडून राह्यला, का आपन सोडवून राह्यलो?"

याला माझ्याकडे उत्तर होतं. मी कागद पुढे केला. त्या म्हणाल्या, वाच. मी एकेक कलम इंग्रजीतून मराठीत करत वाचलं. शाळेत वाचायची तसंच वाचलं असणार, स्पष्ट आणि संथ. आत्याआजी डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "हे त्याचं बोलनं नाही. हे तुह्यं बोलनं हाये, मास्तरीण."

मी सही दाखवली.

"सही त्याची हाये. जलमभर तू म्हनशीन तिथं तो सही करत आला. तुले सेवा होत नसन तर मले सांग. मी इथं राहतो, मी करतो."

मुलांनो, सत्तर वर्षांच्या आयुष्यात मला पुष्कळ बोलणी बसली आहेत, त्यात शाळेतल्या मुख्याध्यापकांची सर्वांत जास्त. पण हे लागलं, कारण त्यात थोडं खरं होतं. पंधरा दिवस मी बाकावर झोपत होते. माझे पाय सुजले होते. हे सगळं थांबावं असं मला वाटत होतं. ते त्यांच्यासाठी वाटत होतं की माझ्यासाठी, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नव्हतं. मग फोनवर तुमचे बाबा हळूच म्हणाले, "आई, मला कलमं कळली. पण म्हणजे आपण बाबांना उपाशी ठेवणार का?"

तेव्हा मला कळलं की परदेशातला इंजिनिअर आणि बोरी अरबची म्हातारी एकाच गोष्टीला भीत होते. कर्म, पुढचा जन्म, कायदा, हे सगळं वरवरचं. माणूस भुकेला जाऊ नये, एवढंच खाली होतं. आणि माझ्या दोन पानांत त्या भीतीला कुठेच उत्तर नव्हतं.

मिस्त्री रोज चारच्या सुमाराला येत, दारव्ह्याहून बसने. त्या दिवशीही आले. आत्याआजींनी त्यांना बसूही दिलं नाही.

"तुह्यी बी सही हाये म्हनते यावर. तू होता काय तवा?"

मिस्त्री म्हणाले, होतो.

"तुह्या धरमात तरी बसते काय हे?"

"नाही बसत," मिस्त्री म्हणाले. "मी तसं भाभीले तवाच सांगितलं. पन ताई, तुम्ही माह्या धरमाचं इचारता का भाऊनं काय सांगितलं ते इचारता?"

"काय सांगितलं ते सांग. त्याच्या बोलीत सांग. इच्यासारखं नको."

मिस्त्रींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. जरा आठवून बोलले. "भाऊ बोलले, मले बांधू नका. नाकात नळी घालू नका, मशीन लावू नका. जोवर मी गिळतो तोवर चमच्यानं वरनाचं पानी पाजत राहा. मी तोंड मिटलं का मंग कोनी बळजबरी करू नका." मग माझ्याकडे पाहून त्यांनी विचारलं, "भाभी, ते वरनाच्या पान्याचं कागदात हाये ना?"

नव्हतं. वरणाचं पाणी मीच गाळलं होतं. नोटरीपुढे ठेवायच्या कागदात वरणाचं पाणी आणि चमचा कसा लिहायचा, म्हणून. त्या सकाळी ओसरीवर ते वाक्य ऐकून मी मनातल्या मनात हसलेही होते. तुमच्या आजोबांनी जे सांगितलं त्यातलं निम्मं 'नको' होतं आणि निम्मं 'करा' होतं. मी फक्त 'नको' तेवढं उतरवून घेतलं.

मी आत्याआजींना तसं सांगितलं. म्हटलं, हे ते बोलले होते, बाई, मी लिहिलं नाही, माझं चुकलं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग उठून डॉक्टरांच्या खोलीत गेल्या, दारावर न ठोकता. मी मागे गेले. त्यांनी विचारलं, "हा गिळते काय?"

डॉक्टरांनी येऊन पाहिलं. बसतं करून, मान थोडी पुढे घेऊन चमच्याच्या टोकाने पाणी दिलं. गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. आत्याआजींच्या तोंडून "हां" निघालं. डॉक्टरांनी मात्र काहीच लपवलं नाही. म्हणाले, थोडं थोडं जाईल, पण एवढ्यावर शरीर चालणार नाही. कधी छातीत उतरेल, त्याने ताप येईल. यातून ते जगणार नाहीत, आई. हे समजून घ्या.

"जगवाले नाही पाजत," आत्याआजी म्हणाल्या. "त्यानं सांगितलं म्हनून पाजतो."

फोनवर तुमच्या बाबांनी हो म्हटलं. दोन्ही मंडळं बसली, त्यात काही दिवस गेले, मग नळी काढली आणि पुन्हा घातली नाही. आम्ही त्यांना दारव्ह्याला घरी आणलं. तुमचे बाबा चौथ्या दिवशी पोचले.

तू विचारशील की घरी काय झालं. विशेष काही नाही. सकाळी दहा वाजता आणि दुपारी चार वाजता आत्याआजींनी आणलेल्या डाळीचं वरण शिजायचं. मी ते फडक्याने गाळायची, कण राहू नये म्हणून. हळद, मीठ, किंचित जिरं. पहिल्या दिवशी मी मीठ घातलं नव्हतं, पथ्य म्हणून. आत्याआजींनी चाखून वाटी परत पाठवली. पाजायचं काम त्यांचं. मी घड्याळ पाहून कुशीला वळवणं, तोंड पुसणं, औषधं, हे करायची. वेदना आणि धाप कमी राहावी म्हणून डॉक्टरांनी औषधं लिहून दिली होती. दाराशी लोक येत. कोणी म्हणत, बरं केलं. गल्लीतले एक गृहस्थ कीर्तनाला जातात, ते मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले की हल्ली शिकलेल्या घरांत माणसं लवकर आटपतात. आत्याआजी आतून वाटी घेऊन आल्या आणि त्यांच्या हातात चमचा देत म्हणाल्या, "या, तुम्ही पाजा." ते गृहस्थ नंतर तेराव्यालाच आले.

आठवड्याभराने आजोबांनी चमच्याला तोंड उघडणं बंद केलं. सकाळचे दहा वाजले होते. आत्याआजींनी ओठाला चमचा लावला, थांबल्या, पुन्हा लावला. ओठ मिटलेलेच. मी पाहत होते, आणि मला वाटलं की त्या आता हनुवटी दाबून घोटभर तरी घालतील. लहान मुलाला आपण घालतो तसं. त्यांनी या माणसाला तसंच भरवलं होतं. त्यांचा हात हनुवटीपर्यंत गेलाही. मग त्यांनी चमचा वाटीत ठेवला आणि वाटी माझ्याकडे दिली.

"ठेव," म्हणाल्या. "त्यानं सांगितलं होतं."

त्यानंतर आम्ही फक्त ओल्या कापडाने ओठ टिपत होतो. तिसऱ्या दिवशी ऊन अंगणात अर्ध्यावर आलं असताना ते गेले. डावा हात तुमच्या बाबांच्या हातात होता.

तर, ठरवलं कोणी? कागदावर पाहिलं तर त्यांनी स्वतः. सह्या डॉक्टरांच्या. पण ते सोडताहेत की आपण सोडवतो आहोत, हा आत्याआजींचा प्रश्न बरोबर होता, आणि तो मिस्त्रींनी सोडवला, ज्यांना हे मान्यच नव्हतं. आजही नाही. परवाच ते मोटर दुरुस्त करायला आले होते. मी त्यांना सरळ विचारलं. म्हणाले, भाभी, ठीक झालं का नाही ते वर गेल्यावर कळन. तू तुझ्या गटात विरोधाची बाजू मांडलीस ते छान केलंस. ती बाजू पोकळ नाही. मीही रात्रंदिवस ठाम असते असं समजू नका. पण पट्टीने बांधलेला तो हात आठवला की मी पुन्हा तेच करीन असं वाटतं, फक्त वरणाचं पाणी पहिल्या ओळीत लिहीन.

एवढ्यावरच थांबणार होते, पण गेल्या आठवड्यात आत्याआजी राहायला आल्या होत्या. जेवण झाल्यावर सुपारी कातरत म्हणाल्या, "माह्या बी कागद करून ठेव."

मला आनंद झाला, हे कबूल करते. मला वाटलं, पटलं यांना. या वेळी मराठीत लिहायचं ठरवून मी वही आणि पेन घेऊन बसले.

"लिव्ह," त्या म्हणाल्या. "मले नळी लावजा. मशीन लावजा. नागपूरले न्या लागलं तर नेजा. जोवर सास हाये तोवर मी माहे भोग भोगीन. कोनी काही सोडू नका."

माझं पेन थांबलं.

"काहून वं, शाई सपली?"

मी म्हटलं, बाई, हात बांधतील तुमचे. त्या म्हणाल्या, बांधू दे. जन्मभर कामच केलं या हातांनी, जरा बांधलेले बरे. मी आणखी काही समजावायला तोंड उघडलं होतं, पण त्या माझ्याकडे अशा पाहत होत्या, की मी लिहिलं. त्यांनी सांगितलं तसं, ओळीने. मग म्हणाल्या, वाच. वाचलं. म्हणाल्या, पुन्हा वाच, आणि कातरलेली सुपारी तोंडात टाकून डोळे मिटून ऐकलं. माझं एकही वाक्य त्यात सापडलं नाही, तेव्हा मान हलवली.

पानाच्या तळाशी दोन बोटं जागा उरली होती. त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "इथं ते वरनाच्या पान्याचं बी लिव्ह. नळी असली तरी. चमच्यानं, जिभेवर, चवीपुरतं."